पत्रातला दुवा कोणी उघडावा?



व्याख्यानाचा विषय इतिहासाचा असला म्हणजे श्रोत्यांची एक ठरीव अपेक्षा असते. लढाया, तह, तहांतली कलमे, निदान एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र तरी ऐकायला मिळेल, अशा भरवशावर आपण घरून निघालेले असता. मी आज जो विषय घेऊन उभा आहे त्यात लढाई आहे, तह आहे, न्यायालयाचे निकाल आहेत आणि मोडलेल्या वचनापायी भरावा लागलेला जबर दंडही आहे. पण हे सारे ज्या गोष्टीसाठी घडले ती गोष्ट इतकी लहान आहे, की ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो. ई-मेलने आलेल्या पत्रात एक निळा, अधोरेखित दुवा असतो. त्यावर आपण बोट ठेवले की कोणत्या तरी ब्राउझरची खिडकी उघडते. ती कोणत्या ब्राउझरची उघडावी, हे कोणी ठरवायचे? एवढाच प्रश्न.

या प्रश्नाकडे माझे लक्ष गेले ते आमच्या शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांमुळे. एके दिवशी सर जिन्यात भेटले आणि म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो आहे. नंबर वाढला आहे खास. पण गंमत अशी, की वर्तमानपत्र वाचताना काही त्रास नाही. मुलीच्या पत्रातून काही उघडले, की अक्षर मुंगीएवढे होते!" मी त्यांच्या संगणकापाशी जाऊन पाहिले. नातवाने जाताना आजोबांसाठी एक ब्राउझर नीट लावून दिला होता. अक्षरे मोठी केली होती, नेहमीची पाने जपून ठेवली होती. सर वर्तमानपत्र त्यात वाचत. मध्यंतरी संगणकात काही नवी भर पडली, आणि त्या दिवसापासून पत्रातले दुवे दुसऱ्याच ब्राउझरात उघडू लागले. तेथे अक्षरे बारीक. सरांना वाटले, आपले डोळे अधू झाले.

श्रोते हो, माणसाने स्वतःसाठी केलेली एक सोय त्याला न विचारता बाजूला सारली जाते, आणि तो दोष देतो स्वतःच्या डोळ्यांना! सरांच्या डोळ्यांची ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्या मागे तीस वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

प्रथम या व्यवहारातली पात्रे ओळखून घेऊ. एक आहे पत्रे आणणारा ई-मेलचा प्रोग्राम. दुसरा आहे वेबवरची पाने दाखवणारा ब्राउझर. या दोघांचा एकमेकांशी थेट परिचय असतोच असे नाही. त्यांच्यामध्ये तिसरे पात्र असते, ते म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. तिला आपण संगणकाचा कारभारी म्हणू. पत्राचा प्रोग्राम दुवा घेऊन कारभाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, "हा पत्ता अमुक प्रकारचा आहे, तो कोणाकडे देऊ?" कारभारी आपल्या वहीत पाहतो. वहीत ज्याचे नाव लिहिलेले असेल त्याला हाक मारतो. ज्याचे नाव वहीत, तो डिफॉल्ट ब्राउझर. म्हणजे सारा प्रश्न त्या वहीचा आहे. वही कोणाच्या ताब्यात, तिच्यात नाव कोणी लिहायचे आणि लिहिलेले नाव कोणी खोडायचे, याचाच हा इतिहास.

'डिफॉल्ट' हा शब्दही मोठा बोलका आहे. इंग्रजी कायद्यात तो जुना आहे. पक्षकार तारखेला हजर राहिला नाही, म्हणजे त्याच्या गैरहजेरीत जो निकाल होतो, त्याला हा शब्द लावतात. आपल्याकडे त्याला एकतर्फी निकाल म्हणतात. आपण निवड करावयास हजर नव्हतो म्हणून आपल्या वतीने जी निवड होऊन बसली, ती डिफॉल्ट. हा अर्थ मनात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

आता आरंभाकडे वळू. ई-मेल वेबपेक्षा वयाने बरीच मोठी आहे. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले आणि पत्त्यात '@' हे चिन्ह योजले. वेबचा जन्म त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी झाला. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपली योजना मांडली, आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर त्यांच्या संगणकावर चालू लागला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी विद्या सार्वजनिक मालकीची म्हणून खुली केली.

त्याच साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझेइक हा ब्राउझर तयार झाला, आणि वेब सामान्य माणसाच्या आटोक्यात आले. योगायोग असा, की त्या काळचा अत्यंत लोकप्रिय असा युडोरा नावाचा ई-मेलचा प्रोग्रामही याच विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली लिहिला होता. युडोरा वेल्टी या लेखिकेची पोस्ट ऑफिसात राहायला गेलेल्या बाईवर एक कथा आहे. तिच्यावरून हे नाव ठेवलेले. एकाच विद्यापीठाच्या अंगणात पत्रे आणणारा आणि पाने दाखवणारा असे दोघे वाढले, पण दोघांची चूल वेगळी होती. पत्रात वेबचा पत्ता आला म्हणजे तो निवडायचा, त्याची नक्कल करायची आणि दुसऱ्या प्रोग्रामात नेऊन डकवायची, असा खटाटोप वाचणाऱ्याला करावा लागे.

पत्त्याचे व्याकरण लिहून काढले गेले ते डिसेंबर १९९४ मध्ये. बर्नर्स-ली, मॅसिन्टर आणि मॅकहिल यांनी लिहिलेला तो दस्तऐवज आजही वाचण्यासारखा आहे. साध्या मजकुरात पत्ता कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे कळावे म्हणून तो कोनी कंसात घालावा, अशी शिफारस त्यात आहे. या शिफारशीत पुढची सारी गोष्ट बीजरूपाने आहे. पत्ता ओळखता येऊ लागला म्हणजे तो दाबता येऊ लागणार, आणि दाबता येऊ लागला म्हणजे तो कोणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न उभा राहणारच.

या प्रश्नाचे पहिले नेटके उत्तर कोणा मोठ्या कंपनीने दिले नाही. ऑस्ट्रेलियातले पीटर लुईस आणि त्यांचे सहकारी क्विन यांनी १९९४ च्या सुमारास मॅकिंटॉश संगणकासाठी 'इंटरनेट कॉन्फिग' नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तोवर पत्राचा प्रोग्राम, बातम्यांचा प्रोग्राम, फायली आणणारा प्रोग्राम असे प्रत्येक जण आपली स्वतंत्र वही ठेवत, आणि वापरणाऱ्याला तीच ती माहिती दहा ठिकाणी भरावी लागे. या दोघांनी म्हटले, वही एकच असावी. तिच्यात वापरणाऱ्याने एकदा लिहावे, की वेबचा पत्ता अमक्याकडे, पत्राचा पत्ता तमक्याकडे. सर्व प्रोग्रामांनी त्या एकाच वहीत पाहावे. आणि ही वही त्यांनी विकायला काढली नाही, सार्वजनिक मालकीची म्हणून सोडून दिली. पुढे अॅपलने हीच कल्पना १९९८ च्या मॅक ओएस ८.५ मध्ये आपलीशी केली.

माझ्या मते या प्रश्नाचे न्याय्य उत्तर तेव्हाच सापडले होते. वही घरमालकाची, नाव त्याने लिहायचे, आणि ते सर्वांनी मानायचे. त्यानंतरचा इतिहास हे उत्तर विसरण्याचा आणि पुनःपुन्हा आठवून देण्याचा आहे.

विसरण्यास कारणही तसेच घडले. १९९५ चा ऑगस्ट महिना आठवून पाहा. ९ तारखेला नेटस्केप या ब्राउझर करणाऱ्या कंपनीचे समभाग अमेरिकेत बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांवर उड्या पडल्या. १५ तारखेला आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. २४ तारखेला मायक्रोसॉफ्टची विंडोज ९५ बाहेर पडली, आणि त्याच सुमारास त्या कंपनीचा इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर अवतरला. एकाच महिन्यात एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला नवे गिऱ्हाईक आणि तिसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी! दुवा कोण उघडतो या गोष्टीला आता बाजारभाव आला.

दोन्ही पक्षांनी जो डाव टाकला तो सारखाच होता. पत्र आणि पान एकाच घरात नांदवावयाचे. नेटस्केपने १९९६ च्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीत ब्राउझरलाच पत्रे वाचण्याची सोय जोडली, आणि १९९७ साली 'कम्युनिकेटर' नावाचा सगळा संसारच एकत्र विकायला आणला. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आउटलुक एक्सप्रेस हा पत्रांचा प्रोग्राम दिला. अशा घरात पत्रातला दुवा शेजारी जात नाही. तो माजघरातून ओटीवर येतो, इतकेच. वापरणाऱ्याला हे सोयीचे वाटे, आणि ते सोयीचे होतेही. पण एकाला यात मोठा लाभ होता: मायक्रोसॉफ्टकडे नुसते घर नव्हते, सारा वाडाच होता. कारभारी तिचाच, आणि वहीही कारभाऱ्याच्याच हाती.

१८ मे १९९८ रोजी अमेरिकेचे न्यायखाते आणि अनेक राज्ये यांनी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. या खटल्याच्या राजकारणात व अर्थकारणात मी शिरत नाही. आपल्या विषयापुरते तीन मुद्दे त्यातून उचलतो. विंडोजच्या रचनेसंबंधी सरकारच्या तक्रारी अशा होत्या. एक, विंडोज ९८ मधून इंटरनेट एक्सप्लोरर काढून टाकण्याची नेहमीची वाट बंद केलेली होती. दोन, ब्राउझरचे आणि कारभाऱ्याचे धागे एकमेकांत असे विणले होते, की एक उसवावा तर दुसरा फाटावा. आणि तीन, वापरणाऱ्याने दुसरा ब्राउझर आपला डिफॉल्ट म्हणून नेमलेला असला, तरी काही प्रसंगी विंडोज त्या नेमणुकीला न जुमानता आपलाच ब्राउझर उघडी. न्यायमूर्ती थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी ५ नोव्हेंबर १९९९ रोजी जे वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष दिले, त्यांत ही गोष्ट नमूद झाली. जून २००० मध्ये त्यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला.

अपिलात काय झाले हे पाहण्यासारखे आहे. २८ जून २००१ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने तुकडे करण्याचा हुकूम रद्द केला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने बेकायदा मार्ग वापरले हा ठपका कायम ठेवला. वर सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन न्यायालयाने उचलून धरल्या. तिसरी, म्हणजे नेमकी आपली तक्रार, मात्र टिकली नाही. कंपनीने तांत्रिक कारणे पुढे केली: मदतीची पाने आणि विंडोज अद्ययावत करण्याची सोय ज्या साधनांवर चालते ती साधने नेटस्केपच्या ब्राउझरात नव्हती. सरकारपक्षाला या कारणांचे खंडन करता आले नाही, आणि तेवढ्यापुरती कंपनी सुटली.

कित्येकांना हा निकाल अन्यायाचा वाटतो. मला तसे वाटत नाही. मालकाने नेमलेल्या माणसाला एखादे काम येतच नसेल, तर ते दुसऱ्याकडून करून घेणे हा काही गुन्हा नव्हे. पण या निकालाने एक वाट मोकळी राहिली, हेही खरे. सबळ तांत्रिक कारण असले म्हणजे मालकाची नेमणूक बाजूला ठेवता येते. आणि तांत्रिक कारणांना या जगात कधी तोटा नसतो!

२००१ च्या नोव्हेंबरात समेट झाला व पुढल्या वर्षी न्यायालयाने तो मान्य केला. वापरणाऱ्याला दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम डिफॉल्ट म्हणून नेमता आला पाहिजे, हे त्यात कलम होऊन बसले. २००२ साली विंडोज एक्सपीच्या पहिल्या मोठ्या दुरुस्तीबरोबर, ब्राउझर कोणता आणि पत्रांचा प्रोग्राम कोणता हे निवडण्याची एक खिडकी आली. वही उघडी झाली. पण ती उघडून पाहणारे किती? आपल्या इतिहासातला एक दाखला देतो. शाहूमहाराजांच्या निधनानंतर, १७४९ पासून, राज्याचा कारभार पुण्याहून चालू लागला, तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. मान साताऱ्याचा, हुकूम पुण्याचा. सेटिंगच्या त्या खिडकीत बसलेला वापरणारा हा असाच साताऱ्याचा धनी झाला. वस्त्रे तो देई. पण कोणाला द्यायची हे बहुधा आधीच ठरलेले असे.

दरम्यान नेटस्केपच्या पडक्या वाड्यातून वेगळेच रोप उगवले. कंपनीने १९९८ साली आपला मूळ मजकूर जगाला खुला केला होता. त्यातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला. प्रथम त्यानेही जुना एकत्र संसारच चालवला. पण तो फार अवजड झाला, तेव्हा भावाभावांनी वाटण्या केल्या: ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स हा ब्राउझर आणि ७ डिसेंबरला थंडरबर्ड हा पत्रांचा प्रोग्राम, अशा पहिल्या पूर्ण आवृत्त्या निरनिराळ्या निघाल्या. वाटण्या झाल्या आणि जुना प्रश्न पुन्हा दारात आला. थंडरबर्डमधला दुवा कोणी उघडावा? सख्खा भाऊ शेजारीच उभा असताना थंडरबर्डने त्याला हाक मारली नाही. तो कारभाऱ्याकडे गेला आणि वहीत नाव कोणाचे आहे ते विचारले. आज आपण थंडरबर्डमधला दुवा दाबतो तेव्हा बहुधा हेच घडते. या सभ्यतेची फारशी कोणी दखल घेतली नाही; म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली.

लिनक्सच्या जगात मात्र अडचण उलटी होती. तेथे कोणी धनदांडगा कारभारी नव्हता. कारभारी एकाहून अधिक होते. केडीई आणि ग्नोम ही दोन मोठी घराणी, आणि दोघांच्या वह्या वेगळ्या. एकाच्या वहीत नाव लिहावे तर दुसऱ्याला त्याचा पत्ता नाही. काहींना थंडरबर्डच्या आतल्या फायलीत ब्राउझरचा संपूर्ण मार्ग हाताने लिहावा लागे, तेव्हा कोठे दुवा उघडे. २००६ साली दोन्ही घराण्यांना चालेल असा एक निरोप्या तयार झाला. त्याचे नाव 'एक्सडीजी-ओपन'. प्रोग्रामाने दुवा त्याच्या हाती द्यावा, आणि कोणत्या वहीत पाहायचे ते त्याने पाहावे. अतिसत्ता जशी निवड हिरावून घेते, तशी अव्यवस्थाही घेते, हा बोध येथे मिळतो. स्वातंत्र्याला नीट ठेवलेली वही लागतेच.

आता युरोपात येऊ. नॉर्वेच्या ऑपेरा या ब्राउझर करणाऱ्या कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार गुदरली. दोन वर्षांनी, १६ डिसेंबर २००९ रोजी, मायक्रोसॉफ्टने आयोगाला बांधील वचन दिले: युरोपातल्या विंडोज वापरणाऱ्यांपुढे आपण निवडीचा पडदा ठेवू. मार्च २०१० पासून तो दिसू लागला. त्यावर बारा ब्राउझर होते आणि पहिल्या पाचांचा क्रम दर वेळी बदलावा अशी योजना होती. कारण यादीत वर कोण, याने निवडीवर परिणाम होतो हे सर्वांनाच ठाऊक होते. गंमत पाहा, ते पत्ते पिसण्यातही चूक निघाली. क्रम सारखा पिसला जात नव्हता. काहींना मोक्याची जागा अधिक वेळा मिळत होती. ती चूक दाखवली गेली आणि सुधारली गेली.

पुढची चूक मात्र इतकी निरुपद्रवी नव्हती. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात विंडोज ७ च्या एका सुधारित आवृत्तीत हा पडदा दिसेनासाच झाला. सुमारे दीड कोटी लोकांना निवड करण्याची संधी मिळाली नाही. कंपनीने ती तांत्रिक चूक असल्याचे सांगितले. आयोगाने ६ मार्च २०१३ रोजी छप्पन्न कोटी दहा लाख युरो दंड ठोठावला. दंडाच्या रकमेपेक्षा मला दुसरीच गोष्ट विलक्षण वाटते. चौदा महिने एक पडदा दिसत नव्हता, आणि ज्यांना तो दिसायला हवा होता त्यांपैकी बहुतेकांना आपले काही हरवले आहे याची जाणीवही नव्हती. हरवल्याचे कळत नाही असा हक्क राखणे सर्वांत कठीण.

या सुमारास दुवे संगणकावरून हातातल्या फोनवर आले होते, आणि तेथे जुनाच खेळ नव्याने मांडला गेला. आयफोन २००७ साली निघाला, पण पत्रातला दुवा सफारीखेरीज दुसऱ्या ब्राउझरने उघडावा अशी नेमणूक त्यावर करता येऊ लागली ती सप्टेंबर २०२० मध्ये. तेरा वर्षांनी वही उघडली, आणि पहिल्या काही दिवसांत असा दोष निघाला, की फोन बंद करून पुन्हा चालू केला म्हणजे लिहिलेले नाव पुसले जाऊन पुन्हा सफारीचे नाव येई! आठवडाभरात तो दुरुस्त झाला.

विंडोजवरही रस्सीखेच चालूच राहिली. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली. जुन्या विंडोजवरून तिच्यावर जाताना पुष्कळांची आधीची निवड पुसली जाऊन एज या नव्या ब्राउझरचे नाव वहीत बसे. मोझिलाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांना जाहीर पत्र लिहून याचा निषेध केला. २०१८ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले, की विंडोजच्या मेल प्रोग्रामातले दुवे एजमध्ये उघडण्याचा बदल आपण चाचणीदाखल करीत आहो. ओरड झाली आणि तो बेत बारगळला. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ब्राउझर बदलायचा तर प्रत्येक प्रकारच्या पत्त्यासाठी व फायलीसाठी नाव निरनिराळे लिहावे लागे. पुढच्या वर्षी एका बटणाची सोय झाली. शिवाय काही ठिकाणच्या दुव्यांच्या आरंभीच एजचे नाव घातलेले असे. म्हणजे वहीत पाहण्याचा प्रसंगच येऊ नये! पाकिटावर टपालवाल्याचेच नाव छापून ठेवण्यातला हा प्रकार.

आणि २०२३ साली आपला विषय अगदी त्याच्या मूळ रूपात समोर आला. विंडोजवरच्या आउटलुकमधले आणि टीम्समधले दुवे, संगणकाचा डिफॉल्ट ब्राउझर कोणताही असो, एजमध्ये उघडतील असे मायक्रोसॉफ्टने ठरवले. कारण असे दिले, की दुव्याच्या शेजारीच मूळ पत्र दिसत राहील आणि वाचणाऱ्याला दोन खिडक्यांत धावपळ करावी लागणार नाही. सोय खरीच होती. बदलण्याची वाटही ठेवली होती. आउटलुकच्या पर्यायांत दुवे कोणत्या ब्राउझरात उघडावेत हे ठरवण्याची जागा आहे. कचेऱ्यांतून तर संगणकांचा व्यवस्थापक सर्वांसाठी एकदम हे ठरवू शकतो. परंतु घडले काय ते पाहा: एका वहीच्या दोन वह्या झाल्या. कारभाऱ्याच्या वहीत लिहिलेले नाव पत्राच्या प्रोग्रामाने मानण्याचे कारण उरले नाही. १९९४ साली दोघा ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरांनी जे दुखणे बरे केले होते, तेच तीस वर्षांनी उलटले.

युरोपने यावर कायदा केला. डिजिटल बाजारपेठांसंबंधीच्या त्या कायद्याचे पालन मोठ्या कंपन्यांना ७ मार्च २०२४ पासून बंधनकारक झाले, आणि त्याच महिन्यात तेथल्या आयफोनवर ब्राउझर निवडण्याचा पडदा आला. तेथे विंडोज ही वापरणाऱ्याने नेमलेल्या ब्राउझरचाच मान राखील, असे मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ मध्येच जाहीर केले होते. आपल्या देशातही हा विषय अगदीच अस्पर्श राहिलेला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअरच्या बळावर क्रोम या ब्राउझरचे स्थान राखले गेले, असा निष्कर्ष त्या निर्णयात आहे. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, आयोगाच्या काही सूचना मात्र रद्द झाल्या.

श्रोते हो, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे व्याख्यान म्हणजेच एकतर्फी निकाल व्हायचा. प्रत्येक दुव्याला "कोण उघडू?" असे विचारत बसणारा संगणक कोणालाही नको असतो. काही तरी आधीच ठरलेले असणे हीच मोठी सोय आहे. फसव्या पत्रांचा सुळसुळाट असताना, कचेरीतले दुवे एकाच पाहिलेल्या-पारखलेल्या ब्राउझरात उघडावेत असे व्यवस्थापकाला वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. भांडण आहे ते तीन गोष्टींशी: न विचारता नाव बदलणे, बदललेले नाव परत लिहिण्याची वाट आडवळणाला नेणे, आणि लिहिलेले नाव पुढच्या दुरुस्तीत विसरून जाणे. मी वर सांगितलेला प्रत्येक तंटा यांपैकी कोठल्या तरी एकापाशी येऊन ठेपतो.

आणि हा इतिहास आणखी एक गोष्ट शिकवतो. न्यायालयांनी निकाल दिले, आयोगांनी दंड केले, कायदे झाले. त्यांतून मिळाली ती निवडीची संधी. निवड मात्र कोणत्याही न्यायालयाला आपल्या वतीने करता येत नाही. हक्क कागदावर येतो तो कोणाच्या तरी खटपटीने, आणि कागदावरच राहतो तो आपल्या आळसाने.

सरांची गोष्ट पुरी करतो. आम्ही दोघे संगणकापुढे बसलो. कारभाऱ्याच्या वहीत पाहिले, तेथे नातवाच्या ब्राउझरचे नाव शाबूत होते. मग पत्रांच्या प्रोग्रामाच्या पर्यायांत शिरलो. दुसरी वही तेथे होती. तेथले नाव बदलले, खिडक्या मिटल्या आणि लेकीच्या पत्रातला दुवा दाबला. पान मोठ्या अक्षरांत उघडले. सर क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझे डोळे निर्दोष आहेत तर!" मी म्हटले, "सर, डोळे निर्दोष आहेत. तुमच्या गैरहजेरीत खटला मात्र चालला होता."

घरी गेल्यावर आपणही या दोन्ही वह्या एकदा उघडून पाहा, एक कारभाऱ्याची आणि एक पत्रांच्या प्रोग्रामाची. कदाचित तेथे आपल्याला हवे तेच नाव असेल. तसे असेल तर ते तसेच राहू द्या. पण ते पाहून राहू द्या. आपल्या दिवाणी कायद्यात एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची तरतूद आहे. गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते, ते वेळेत दाखवावे लागते, आणि त्यासाठी मुख्य म्हणजे स्वतः हजर व्हावे लागते.